सवलत आणि तिची जोखीम

अमेरिकेने ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने विजेवरील मोटारीस साडेसात हजार डॉलरपर्यंतची करसवलत २०३२ अखेरपर्यंत देऊ केली. मात्र गाडीची जुळणी उत्तर अमेरिकेतच हवी, ही अट तत्काळ लागू झाली. एप्रिल २०२३ मध्ये बॅटरीतील खनिजांच्या अटी आल्या. कित्येक गाड्यांची सवलत निम्मी झाली वा गेली. (तीच गाडी भाडेकराराने घेतल्यास या अटी आड येत नसत, हे विशेष!) अखेर जुलै २०२५ च्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ नंतरच्या खरेदीस ती बंदच केली.

धोरण फिरले, तर कारखानदार किंमत फिरवतो. हप्ते बांधून बसलेल्या नोकरदाराने काय फिरवावे? शिवाय २०२३ पर्यंत ज्याचा आयकर कमी, त्याच्या पदरी सवलतही कमीच पडे. बसने कामावर जाणाऱ्या मजुराला तर तिच्यातून छदामही मिळाला नाही.