गणितातील चूक कळविण्याची रीत

(पोखर्णी, जि. परभणी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)

श्रीनृसिंहाच्या या गावी आज मी हिशेबाविषयी बोलणार आहे. शाळेचे निकालपत्रक असो वा पंचायतीचा जमाखर्च, आकडेमोड आता संगणक करतो. त्यामागे गणिती आज्ञावलींचे मोठे संग्रह असतात. त्यांपैकी पुष्कळ मुक्तस्रोत आहेत. त्यांची घडण कोणालाही तपासता येते आणि आढळलेला दोष कोणालाही कळविता येतो.

मोठमोठ्या जाणकारांकडूनही चूक राहते. यादीत नाव शोधताना आपण पहिल्या व शेवटच्या क्रमांकांची बेरीज निम्मी करून मधली नोंद पाहतो आणि नाव अलीकडे की पलीकडे ते ठरवितो. जावा या संगणकभाषेच्या संग्रहातील याच रीतीच्या आज्ञावलीत सुमारे नऊ वर्षे एक दोष दडून होता. तेथे संख्येची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ होती. नोंदी सुमारे १०७ कोटींच्या पलीकडे गेल्या की ही बेरीज मर्यादा ओलांडून ऋण होऊ शके. लहान याद्यांत सारे सुरळीत चाले, म्हणून कोणास शंका आली नाही. एकाचे काम अडले, त्याने ते कळविले. आणि आज्ञावलीचे कर्ते जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली आपली चूक जाहीरपणे मांडली. उपाय सोपा होता: दोन क्रमांकांतील अंतर निम्मे करून ते पहिल्या क्रमांकात मिळवावे.

मात्र प्रत्येक विसंगती म्हणजे दोष नव्हे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या मुक्तस्रोत प्रणालीत पुन्हा करून पाहतात. उत्तर जुळले नाही, तर चूक पुस्तकाची, आपली की प्रणालीची, हे आधी ठरविले पाहिजे. पायथन भाषेत २.५ चा पूर्णांक २ येतो आणि ३.५ चा ४. शिक्षकास हे खटकेल. परंतु नेमका अर्धा असल्यास जवळची सम संख्या घ्यावी, असा तेथील लिखित नियम आहे. म्हणून आधी माहितीपुस्तिका वाचावी.

तरीही शंका उरल्यास चार गोष्टी लिहून कळवाव्यात: आज्ञावलीची आवृत्ती, दिलेले आकडे, मिळालेले उत्तर, आणि अपेक्षित उत्तर कारणासह. उदाहरण शक्य तितके लहान करावे. हजार ओळींचे पत्रक पाठविण्यापेक्षा चूक दाखविणारे दोनच आकडे पाठविणे अधिक उपयोगी. तीच चूक आधी कोणी नोंदविली आहे काय, हेही पाहावे. “तुमचा हिशेब चुकतो” एवढेच लिहिल्याने काहीही साधत नाही. नेमके उदाहरण मिळाले, तर दुरुस्तीनंतर ते कायमची कसोटी म्हणून ठेवता येते आणि ती चूक पुन्हा शिरू लागल्यास लगेच पकडली जाते.

चुकलेल्या बेरजेपायी एखाद्या मजुराची मजुरी वा मुलीची शिष्यवृत्ती अडू शकते. “यंत्राने सांगितले” हे त्यांना पुरेसे उत्तर नव्हे. गणितात सांगणाऱ्याचा हुद्दा पाहिला जात नाही. उदाहरण पुन्हा करून पाहता आले, की पोखर्णीच्या शिक्षकाचे म्हणणे विद्यापीठातील प्राध्यापकाच्या म्हणण्याइतकेच वजनदार ठरते. हा अधिकार आपण वापरावा, एवढीच विनंती.