शनिवारची भेळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला 'कुटुंबातील संवाद' या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे, माझा अनुभव एका पातेल्याएवढा. तेवढाच सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता टेक्सासला लेकीकडे गेलो होतो. तिच्याकडे दर मंगळवारी टाको. पदार्थ मूळचा मेक्सिकोचा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून केलेल्या पिठाच्या लहान पोळ्या. त्या ती विकत आणायची. टेबलावर राजमा, कांदा, कोथिंबीर, टोमॅटोची चटणी, लिंबू मांडायची आणि ज्याने त्याने आपापले भरून घ्यायचे. सौ. म्हणाली, "अहो, ही तर आपली भेळच की!"

परत आल्यावर मी घरात शनिवारची भेळ सुरू केली. पण स्वभाव पडला बँकेचा! बरोबर आठला सगळे हजर, मोबाईल बंद, दर वेळी नवी चटणी. दीड महिन्यात एकेकाची कारणे सुरू झाली. सूनबाई ऑफिसातून दमून येऊन चटण्या वाटते, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. सौ.ने सुनावले, "ही तुमची शाखा नाही, घर आहे."

मग सगळे सोपे केले. चिंच-गुळाचे पाणी सवडीने उकळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये. शेव-फरसाण वाण्याकडून. चुरमुरे कढईत जरा गरम केले की झाले. बटाटे मुलगा उकडतो, कांदा मी चिरतो. कालवायचे ज्याचे त्याने, आणि लगेच खायचे, नाहीतर मऊ पडते. कोणाला उशीर झाला तर सामान झाकून ठेवायचे, रागवायचे नाही. कोणीच नसेल तर आम्ही दोघे खाऊ, पण शनिवार चुकवायचा नाही.

अशाच एका शनिवारी मुलगा भेळ कालवता कालवता, बशीकडे बघतच म्हणाला, "बाबा, माझी नोकरी गेली. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे तो रोज डबा घेऊन बाहेर पडत होता! समोर बसवून विचारले असते तर "सगळं ठीक आहे" म्हणाला असता. एरवी मी चार उपदेश केले असते. त्या दिवशी काही सुचलेच नाही. सूनबाईने शेवेची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "आधी खाऊन घे. मग बघू." दुसरी नोकरी मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत एकही शनिवार चुकला नाही.

मित्रहो, पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली. प्रत्येक वेळी सभा घ्यावी लागली, वादही झाले. घरातल्या दुरुस्तीला सभा लागत नाही, आठवड्यातला एक वार पुरतो. भेळ नको तर खिचडी करा, थालीपीठ करा. फक्त सोपे ठेवा.

आणि कांदा चिरायला कोणी नसेल, तर बी विंगमध्ये मी आहेच.