खिदमत करणाऱ्यांचा थकवा



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. तरीही या विषयावर बोलायला उभा आहे, कारण रत्नागिरीत आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी दुसऱ्याची काळजी घेण्याचं काम करतं. कुणाची बहीण नर्स, कुणाची भाभी आशा, कुणाची अम्मी अंगणवाडी सेविका. त्या कामाला आपण खिदमत म्हणतो, सेवा म्हणतो. ते करणारं माणूस दमतं, हे मात्र आपल्या बोलण्यात फारसं येत नाही.

या दमण्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द चर्चेत आणला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे स्वयंसेवक हळूहळू विझत जाताना त्यांनी पाहिले होते, आणि ते स्वतःही त्यातून गेले होते. म्हणजे हा शब्द आला तोच सेवा करणाऱ्यांमधून. पुढे क्रिस्टीना मॅस्लाक यांनी त्याची तीन लक्षणं मांडली: झोपूनही न जाणारा थकवा, कामाबद्दल आणि माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना.

यातलं दुसरं लक्षण ओळखायला सगळ्यात कठीण. माझी आपा मुंबईत नर्स आहे. गेल्या रमजानमध्ये घरी आली तेव्हा म्हणाली, “आता पेशंटचं नाव लक्षात राहत नाही, बेड नंबर राहतो. आधी कुणी गेलं की घरी येऊन रडायचे. आता डबा उघडते आणि जेवते.” अम्मीला वाटलं, पोरगी दगड झाली. ती दगड झालेली नव्हती. एका रात्रपाळीत दोघींचं काम एकटीने करून करून मनाने स्वतःला वाचवायची काढलेली ती वाट होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट न हाताळल्यामुळे निर्माण होणारी स्थिती, असं म्हटलं. हा फरक महत्त्वाचा आहे. म्हणजे माणसात काय बिघडलं हे विचारण्याआधी कामात काय बिघडलं ते विचारायचं.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना कळतं. सर्व्हरवर भार वाढला तर आम्ही त्याला सेवाभावाचं महत्त्व सांगत बसत नाही. मशीन वाढवतो, नाहीतर भार कमी करतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपण सांगतो, योगा करा, सकारात्मक राहा. व्यायाम चांगलाच, पण रिकाम्या जागा त्याने भरत नाहीत.

आता आपल्या राज्यातलं बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, सारखे बंद पडायचे, आणि त्यावर भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. मुलांची वजनं घ्यायची, आहार वाटायचा, रजिस्टर भरायचं, आणि वर हे. माझ्यासारख्यांनी या घटनेचा नीट अभ्यास करावा. ॲप बनवणारा एका खोलीत बसून एक रकाना वाढवतो, आणि तो रकाना भरायला हजारो बायकांची संध्याकाळ जाते.

आशांचंही तसंच. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून त्यांचं पद आलं, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. कोकणात हजार माणसं एका जागी राहत नाहीत. वाड्या डोंगरात विखुरलेल्या, मध्ये पऱ्ह्या, आणि जुलैचा पाऊस. कागदावर मात्र ती स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. कोविडनंतर, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा. सन्मान मिळाला, पण त्याने किराण्याचं बिल भागलं नाही.

डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत म्हटलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत आकडा वर गेला, आणि तरी अनेक निवासी डॉक्टरांना ७४ तासही कमी वाटतील, इतकी प्रत्यक्ष ड्युटी मोठी असते.

मग आपण काय करायचं? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली घरातली. रात्रपाळी करून आलेली बहीण सकाळी भाकऱ्या थापत असेल, तर तिची दुसरी पाळी आपण लावलेली आहे. ती सरकारने लावलेली नाही, त्यामुळे ती बंद करायला मोर्चाही लागत नाही. भावांनो, हे काम आजपासून आपलं.

दुसरी मदत मागण्याची. आपल्या शहरात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, आणि तरी त्याचं नाव आपण अजून एकमेकांना चिडवायला वापरतो. अशा गावात थकलेली नर्स कुणाकडे जाऊन बोलणार? केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. नंबर आत्ताच फोनमध्ये टाका, आणि ज्याला गरज आहे त्याला ‘इमान कमजोर झालंय’ असं म्हणू नका.

तिसरी बाहेरची. आशा, सेविका, नर्सेस जेव्हा मानधनासाठी, रिकाम्या पदांसाठी रस्त्यावर बसतात, तेव्हा ‘सेवा करणाऱ्यांनी संप करू नये’ हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. त्यांना पाणी नेऊन द्या, त्यांची निवेदनं वाचा, लिहायला हात लावा. आपल्यातले बरेच जण शिकलेले आहेत, हे काम आपल्याला येतं.

मी इथे थांबतो. समोर नर्सिंग शिकणाऱ्या काही मुली बसल्या आहेत. प्रश्नोत्तरांत आधी त्यांनी बोलावं, आम्ही ऐकतो.