बोया तरंगला, माणूस कुठे?



माझं गाव सुलतानपूर, बुलडाणा जिल्ह्यातलं. लोणारचं सरोवर आमच्या जवळच. पण त्या खाऱ्या पाण्यात कोणी पोहायला शिकत नाही. आम्ही शिकलो ते शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. एकदा माझी गाठ सैल झाली आणि भोपळा घसरत पायांकडे गेला. पाय वर, डोकं खाली! आजोबांनी ओढून काढलं आणि म्हणाले, "लेका, भोपळा तर तरंगलाच. तूच बुडला." काठावरची मंडळी पोट धरून हसली.

हे वाक्य मला पुढे कित्येक वर्षांनी मालवणच्या समुद्रात आठवलं. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, शिकता येतं. त्या सामानात नारिंगी रंगाची एक लांबट पिशवी असते. तिला बोया म्हणायचं. वर येण्याआधी पाण्याखालीच तिच्यात हवा सोडतात. मग ती दोरीसकट वर जाते आणि लाटांवर उभी राहून सांगते, "इथं खाली माणूस आहे, होडी जपून हाका."

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच खेपेला मी हात मोकळे राहावेत म्हणून दोरीच्या रिळाची कडी अंगातल्या जॅकेटला अडकवली. वर हवाही सढळ हातानं भरली. दोरीचा गुंता झाला, रीळ फिरेना, बोया निघाला वर आणि त्याच्यामागे मी! प्रशिक्षकांनी पाय धरून थांबवलं म्हणून बरं. होडीत आल्यावर सगळे हसले. मग सरांनी हिशेब सांगितला.

पाण्याखाली १ लिटर हवा साधारण १ किलो वजन उचलते. पिशवीत १० लिटर हवा गेली, तर १० किलोची ओढ लागते. त्यातून १० मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं श्वास कोंडून कोणी झपकन वर आला, तर छातीतली हवा फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास चालू ठेवायचा, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. रीळ हातात धरायचं, अंगाला बांधायचं नाही. अडकलंच, तर सोडून द्यायचं.

हा शेवटचा धडा माझ्या जोडीदारानं जरा जास्तच मनावर घेतला. पुढच्या खेपेला दोरीला थोडा हिसका बसताच त्यानं रीळ सोडून दिलं. बोया वाऱ्याबरोबर एका दिशेला, आम्ही प्रवाहाबरोबर दुसऱ्या. वर येऊन पाहतो तर होडी बोयाच्या मागं चाललेली, आमच्याकडे पाठ! शिट्ट्या वाजवून गाल दुखले. होडी वळायला पाव तास लागला, पण तो मला फार मोठा वाटला. होडीवाले दादा म्हणाले, "मी बोयाच्या पाठसून गेलंय, तुमी खंय होतास?"

तेव्हाही आम्ही हसलो. पण घशाला कोरड पडली होती. त्या संध्याकाळी प्रत्येकानं आपापली फजिती सांगितली. सरांनीही स्वतःची सांगितली: दोरी सैल सोडल्यामुळं त्यांचा बोया पाण्यावर आडवा पडला होता आणि कुणाला दिसलाच नव्हता. दोरी ताणून धरावी, हे आम्हाला त्या गोष्टीनंच पक्कं समजलं. चूक हसून सांगितली की दुसऱ्याच्या कामी येते. लाजून लपवली, तर दुसरा तीच करतो, आणि त्याचा पाय धरायला तिथं कोणी असेलच असं नाही.

समुद्र आमच्यापासून लांब आहे, पण हा धडा नाही. आता गावोगाव शेततळी आहेत. त्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. आत पडला तर पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. उन्हाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून आमच्या शेततळ्याला मी कुंपण केलं, काठाला खुंटी ठोकली, तिला दोर आणि दोराला हवा भरलेली ट्यूब बांधली. मग चार माणसं काठावर उभी करून, कमरेला दुसरा दोर लावून, स्वतः आत उतरलो आणि दोर ओढून पाहिला. खुंटी उपटून थेट माझ्या डोक्याशी आली!

पुतण्या ओरडला, "काका, खुंटी तर तरंगली!"

सगळे हसले, मीही हसलो. आता तिथं लोखंडी खुंटी आहे, हातभर खोल ठोकलेली. तुमच्या शेततळ्याला दोर असेल, तर तोही एकदा ओढून पाहा. आणि फजिती झालीच, तर शेजाऱ्याला जरूर सांगा.