ताट आणि गोळी
(गोखिवरे येथे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आम्ही पेशाने बँकेतले कारकून. रक्कम जमेची की नावेची, हे पाहून लिहिण्याची आम्हांला सवय. तीच नजर आज आपण ताटाकडे वळवू या.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. त्याची औषधे शासनाकडून मोफत मिळतात. त्यांतील आयसोनायझिड ही गोळी रुग्णाला, आणि कित्येकदा प्रतिबंधक म्हणून घरच्यांनाही देतात. बांगडा, कुपा असे मासे बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामिन साठते. ते शिजवूनही जात नाही. एरवी शरीरातले एक विकर त्याचा निचरा करते, परंतु ही गोळी त्या विकरालाच अडवते. मग चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते. घरचे म्हणतात, 'गोळी बाधली', आणि गोळी बंद होते. इथेच घात आहे! अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधाला न जुमानणारा क्षय उभा राहतो. असा त्रास झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे व काय खाल्ले तेही सांगावे. उपचार संपेपर्यंत बांगडा दूर ठेवावा, गोळी नव्हे.

मसाल्याचा डबाही कमी नाही. काळ्या मिरीतील पायपरिनमुळे काही औषधे रक्तात अधिक उतरतात. जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून २००९ साली क्षयाची अशी कॅप्सूल निघाली, जीत रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम होते. म्हणून कोणी घरी मिरी खाऊन डोस कमी करू नये!

आपल्या वसईची केळी व सुकेळी प्रसिद्ध. त्यांत पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंड अशक्त असून रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा लोसार्टन चालू असेल, तर ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी सोडू नये. मात्र एक आठवडा ढीगभर, पुढचा आठवडा शून्य, असे करू नये. भाजीतील 'के' जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावे वहीत लिहा. समोर दोन रकाने आखा: कशाबरोबर घ्यावी, कशाबरोबर घेऊ नये. ती वही दवाखान्यात नेऊन रकाने भरून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. मनाने औषध बंद करू नका, एवढी कळकळीची विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.