ठिपके आणि यूव्हीचा दिवा

चंद्रपुरात समुद्री मासे पाळतो म्हटलं की लोक हसतात. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारातच समुद्र. आपल्याकडे आरओचं पाणी, बादली आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट!

गडचिरोलीच्या एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, क्लाउनफिशवर पांढरे ठिपके आलेत. यूव्ही लावला की जातील ना?"

नाही जाणार, भाऊ. घरच्या वॉटर फिल्टरमध्ये असतो तसाच हा दिवा. त्याचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतूंचा डीएनए बिघडवतो, पण दिव्याजवळून जे वाहतं त्याचाच. ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, आधी माशाच्या कातडीत रुतलेला असतो, मग वाळूत गाठ करून बसतो. तिथे प्रकाश पोचतच नाही. गाठ फुटून पिल्लं पोहायला लागली की त्यातली काही दिव्याला सापडतात, बाकीची पुन्हा माशाला.

म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत काढा. तांब्याचं औषध तिथेच, टेस्ट किटने मोजून. मुख्य टाकीत टाकलं तर कोरल आणि कोळंबी मरतील. नवीन मासाही आधी क्वारंटाइनमध्येच.

तरी माझ्याकडे यूव्ही आहे. पाणी हिरवं होत नाही, रोगाचा जोर थोडा कमी राहतो. पाणी मात्र हळू सोडा, क्वार्ट्‌झची नळी पुसत राहा, वर्षाने बल्ब बदला. निळा दिसतो म्हणजे काम करतोय असं नाही. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

आणि हो, दिवा पाणी तापवतो. आपल्या मे महिन्यात आधी चिलर घ्या, यूव्ही नंतर.