पेटीतून घरी आलेलं बाळ

बचत गटातल्या तायांनो, मावश्यांनो, आज बोलू या अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे 37 आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळांविषयी.

गरोदरपणात बीपी 140/90 किंवा त्याच्या वर गेलं, तर वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडू शकतं. मग दोघांचा जीव वाचवायला कधी कधी लवकर बाळंतपण करावं लागतं. त्याचा बोल सुनेला लावू नका.

बाळ पेटीतून घरी आलं, अंग धरू लागलं, की घरचे म्हणतात, झालं सगळं. तिथंच घात होतो. अशा बाळाच्या डोळ्याचा पडदा बिघडू शकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. बाळ 34 आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा दोन किलोहून कमी वजनाचं असेल, तर 30 दिवसांच्या आत पडदा तपासून घ्या. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते. कानही तपासा.

दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, की त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळाशी ताडून बघा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्या.

या मुलांना मोठेपणी बीपीचा धोका जरा जास्त असतो. म्हणून दवाखान्याचे कागद जपून ठेवा, पुढंही डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एवढं विचाराच: कुणाच्या घरी असं बाळ आहे का? त्याचे डोळे तपासले का?